कोणत्या हाताने?

टेंबेबाईंवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या खांद्याची केस त्यांनी लढवली आणि चांगली लढवली. पण माझ्या नावाने आलेली एक वस्तू त्यांनी दोन वर्षं स्वतःच्या खणात ठेवली आणि मला पत्ता लागू दिला नाही. ती कोणती, ते ओघाने येईल. राग अजून गेलेला नाही, पण त्या बाईविषयीचं कुतूहलही गेलेलं नाही. माझ्या दुकानात माणूस शिरला की भाव करणारा कोण आणि नुसता हात लावून जाणारा कोण, हे मला तो तांदळाच्या पोत्यांपर्यंत पोचायच्या आत कळतं. टेंबेबाई अडीच वर्षांत कळल्या नाहीत.

रायस्वाइक या डच गावात माझं किराणा दुकान आहे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहून मी डिप्लोमा केला, मग सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकलो, कंपनीने इथे पाठवलं, आणि सात वर्षांनी त्याच कंपनीने कमी केलं. तेव्हा गाशा गुंडाळून परत जायच्याऐवजी मी दुकान टाकलं. घरपोच माल द्यायला एक सायकल घेतली, पुढे मोठी लाकडी पेटी असलेली. इथे तिला बाकफीट्स म्हणतात. आयाबाया त्यात पोरं बसवून शाळेत नेतात, मी त्यात आटा बसवून नेत असे.

नवरात्रातली गोष्ट. पेटीत उपवासाचं सामान होतं. सिग्नल हिरवा झाला, मी सरळ निघालो. डावीकडे एक मालाचा ट्रक उभा होता, त्यालाही हिरवा होता. त्याला उजवीकडे वळायचं होतं आणि तो वळला. पुढचं मला आठवतं ते एवढंच की मी रस्त्यावर आडवा आहे, ट्रकचं चाक माझ्यापासून हातभर लांब थांबलंय, आणि सगळ्या सायकलच्या रस्त्यावर साबुदाणा पसरलाय. बारा किलो. उजव्या खांद्याजवळचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. आत पट्टी आणि स्क्रू घालून ते जोडलं.

ड्रायव्हर खाली उतरला होता म्हणे. मला दिसले ते त्याचे बूट. नंतर तो दवाखान्यात आला नाही, फोन नाही, काही नाही. ट्रकच्या विमा कंपनीचं पत्र मात्र आलं. आपण चालकाच्या आरशात न दिसणाऱ्या जागेत होता, तेव्हा जबाबदारीचा काही भाग आपल्याकडेही येतो. एवढंच. मी ते पत्र दुकानाच्या भिंतीला चिकटपट्टीने लावलं आणि येणाऱ्या जाणाऱ्याला वाचून दाखवायला लागलो. रेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिसऱ्या दिवशी ते काढून टाकलं. गिऱ्हाइकं घाबरतात म्हणाली.

मग मी स्वतः लढायला घेतलं. मला जेवढे हवे होते त्याच्या तिप्पट आकडा लिहून पाठवला. हेतू सरळ होता, ते अर्धे म्हणतील, मी थोडा उतरेन, ते थोडे चढतील. आपण भाव सांगितला की समोरच्याने भाव सांगायचा, इतकी साधी रीत. त्यांनी भाव सांगितलाच नाही, कागद मागितले. मी चिडून आकडा वाढवला, तर त्यांनी आणखी कागद मागितले. चार महिने असे गेले. भिंतीशी भाव करावा तसं चाललं होतं.

शेवटी रेखा म्हणाली, "अहो, झूटरमेरच्या त्या टेंबेबाईंना फोन करा. अपघाताच्याच केसेस घेतात त्या. साठेंच्या मुलाची त्यांनीच केली होती."

"बाई आहेत कशा?"

"विचित्र आहेत म्हणे. पण साठे त्यांच्याविषयी हळू आवाजात बोलतात."

मला वाटलं होतं, ऑफिसात बोलावतील. त्या दुकानात आल्या. घडीची सायकल ट्रेनमधून उतरवून, तिच्यावर बसून, अंगात पिवळाधमक रेनकोट, पाऊस नसतानाही. बुटकी मूर्ती, साठीच्या पुढची, पांढऱ्या केसांचा बॉब, पायात पुरुषी बूट. सांगलीच्या, आणि इथे येऊन पस्तीस वर्षं झालेली. एवढं सोडलं तर त्यांच्याविषयी मला आजही फारसं माहीत नाही. काही विचारलं की म्हणत, "ते तुमच्या फाइलीत लागत नाही, सावंत."

मी म्हटलं, "बसा. चहा टाकतो."

"कोणत्या हाताने?"

"म्हणजे?"

"भांडं कोणत्या हाताने उचलता, पाणी कोणत्या हाताने भरता, ओतता कोणत्या हाताने? टाका चहा. मी बघते."

अशी ओळख झाली. त्या वाक्याने मला पुढे दोन वर्षं छळलं. मी म्हणालो, सकाळी दुकान उघडलं, की त्या विचारत, कोणत्या हाताने? मुलीला शाळेत सोडलं, दाढी केली, तुम्हाला फोन केला. प्रत्येकाला तोच प्रश्न. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, काल रात्री मी देवाला हात जोडले. दोन्ही हातांनी." त्यांनी पेन्सिल काढली आणि विचारलं, "कुठपर्यंत वर आले?"

पहिल्याच दिवशी मी मुद्द्याला हात घातला. "तुमचं काय घेणार? मी सांगतो, जेवढे मिळतील त्यातले वीस टक्के तुमचे. म्हणजे तुम्हालाही जोर येईल."

"मी टक्के घेत नाही. जबाबदारी त्यांची ठरली की माझी फी तेच देतात."

"तेच म्हणजे?"

"विमा कंपनी."

मी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या वकिलाला पैसे देणार माझा शत्रू? आणि मी विश्वास ठेवायचा?"

"नका ठेवू," त्या म्हणाल्या. "मी लिहिलेला प्रत्येक कागद आधी तुमच्याकडे येईल. वाचा, आणि चूक सापडली की ओरडा. ओरडता येतं ना? रेखाताई म्हणाल्या चांगलं येतं."

त्यांच्याकडे एक हुकाचा काटा होता, विमानतळावर जाण्याआधी लोक बॅगा तोलतात तसला. तो काढून त्यांनी दुकानातल्या वस्तू तोलायला सुरुवात केली. आट्याची पिशवी, तेलाचा डबा, भाजीचा क्रेट. मी म्हटलं, "अहो, वजन पिशवीवर छापलंय." त्या म्हणाल्या, "छापलेलं सगळ्यांनाच दिसतं. तुम्ही रोज काय उचलत होतात ते मला हातात धरून बघायचंय." मग घरी येऊन त्यांनी कुकर तोलला, धुतलेल्या ओल्या कपड्यांची बादली तोलली, मुलीचं दप्तर तोललं. दप्तराचं वजन बघून म्हणाल्या, "हिच्याही खांद्याकडे लक्ष ठेवा." त्या संध्याकाळी विनोद म्हणावा असं त्या एवढंच बोलल्या, आणि तोही विनोद होता की नाही याची मला खात्री नाही.

जाताना त्यांनी मला एक वही दिली. रोज लिहायचं, काय करता आलं, काय नाही, कुठे दुखलं, किती वेळ. "आणि आजपासून दोन शब्द बंद," त्या म्हणाल्या. "बरं आहे."

"काय बरं आहे?"

"हेच. कुणी विचारलं, कसं आहे, की आपला माणूस म्हणतो, बरं आहे. सासरे विचारोत, शेजारी विचारो, डॉक्टर विचारो. शेजाऱ्याचं ठीक आहे. पण इथला डॉक्टर ते लिहून ठेवतो. पेशंट म्हणतो प्रकृती चांगली आहे. सहा महिन्यांनी विमा कंपनी तीच ओळ काढून माझ्यासमोर ठेवते. आपल्या लोकांच्या या दोन शब्दांशी मी पंधरा वर्षं भांडतेय, सावंत. फाइल बंद होईपर्यंत तुम्ही ते कुणालाही म्हणायचं नाही. आईलाही नाही."

त्या गेल्यावर मला आठवलं, हाउसआर्ट्सकडे म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे मी तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा आत शिरताना हसून तेच म्हणालो होतो.

वही मी मन लावून लिहिली. महिन्याभराने टेंबेबाई आल्या. त्यांनी ती उघडली, चार पानं वाचली, मिटली.

"हे काय आहे?"

"तुम्ही सांगितलं तेच. दुखणं."

"रोज असह्य वेदना. रोज काहीही करता आलं नाही. तीस दिवस एकच ओळ. एक दिवस बरा गेला नाही?"

"गेला असेल. पण तो कशाला लिहायचा? आपण जास्त सांगितलं तर ते कमी करून कुठेतरी मध्ये येतील."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मालाची पिशवी फाटकी निघाली की मी जसा बघतो, तसं. मग म्हणाल्या, "हा तुम्ही भाव सांगितलाय. मला भाव नको, वर्णन हवंय. एखाद्या दिवशी शर्टाची बटणं स्वतः लावलीत तर लिहा, लावली. माझ्याकडे वाईट दिवस मोजायला येऊ नका. चांगले दिवस लिहिलेत, तरच वाईट दिवसांवर कुणी विश्वास ठेवील."

ती वही त्यांनी पिशवीत टाकली आणि नवी दिली. मला अपमान वाटला. आयुष्यभर घासाघीस करून मी इथपर्यंत आलो होतो, आणि ही बाई माझं हत्यारच काढून घेत होती. पण नवी वही लिहायला लागलो. आधी त्यांना खोटं पाडायच्या हेतूने, मग सवयीने. खरं लिहायला वेळ लागतो. आज वरच्या फळीवरचा पोह्याचा पुडा काढता आला. आज गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना हात लटपटला, त्याने मान वळवली. आज झोपेत उजव्या कुशीवर गेलो आणि ओरडलो. हे मी रेखालाही सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हरविषयी मात्र माझं एकच म्हणणं होतं आणि ते मी दर भेटीत सांगत असे. त्या माणसाने एकदा समोर येऊन चूक झाली म्हणावं. पैसे राहू दे. टेंबेबाई ऐकत, पण लिहीत नसत. एका शनिवारी त्या म्हणाल्या, "उद्या मोकळे आहात? एक गंमत दाखवते."

ट्रक चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेचं आवार होतं. रविवारी बंद. शाळेचा मालक त्यांच्या ओळखीचा, त्याने फाटक उघडून दिलं. एक मोठा ट्रक उभा होता. बाई म्हणाल्या, "चढा."

"कोणत्या हाताने?" मी म्हटलं.

त्या पहिल्यांदा हसल्या. "डाव्या."

मी डाव्या हाताने दांडा धरून कसाबसा वर चढलो आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. काय उंची असते! माणूस तिथून राजासारखा बघतो. बाई खालून, उघड्या काचेतून म्हणाल्या, "आता मी फिरते. दिसते का सांगा." पिवळा रेनकोट समोरून गेला, उजव्या बाजूच्या आरशात आला, पुढे सरकला, आणि नाहीसा झाला.

"कुठे आहात?" मी ओरडलो.

"इथेच. दाराला हात लावून उभी आहे."

मी मान वळवली, उठून वाकलो. काही नाही. एवढा पिवळा रंग, दोन हातांवर, आणि काही नाही. मग शाळेच्या मालकाने वरचा एक आरसा बोटाने जरासा खाली फिरवला, आणि त्या एकदम दिसल्या, वर बघणारं तोंड, पांढरे केस, बुटकं अंग.

मी डाव्या हाताने दांडा धरून खाली उतरलो. मी म्हटलं, "म्हणजे तो खोटं बोलत नाहीये."

"नाही."

"मग केस संपली."

"केस इथे सुरू होते. आरसा फिरवून ठेवायचं काम कुणाचं? चौदा टन चालवतो त्याचं, की आटा घेऊन सायकलवर जातो त्याचं? इथल्या कायद्याला हे विचारावंच लागत नाही. जड गाडी ज्याच्या हातात, जबाबदारी आधी त्याची. तो चांगला माणूस असू शकतो. तुम्हाला तो वाईट हवाय. त्याची गरज नाही, सावंत. तो वाईट नसतानाही तुमचा खांदा मोडलेलाच आहे."

परतीच्या बसमधून मी दिसेल त्या ट्रकचे आरसे बघत होतो. मला तो वाईटच हवा होता, हे त्यांना कसं कळलं, याचा मी विचार करत होतो.

विमा कंपनीचे गृहस्थ घरी येणार म्हणून ठरलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी. इथे ही पद्धत आहे. कोर्टाच्या आधी दोन्ही बाजू जखमी माणसाच्या घरी, त्याच्याच टेबलापाशी कॉफी घेत बोलतात. टेंबेबाई अर्धा तास आधी आल्या आणि स्वयंपाकघरात रेखाला म्हणाल्या, "कॉफी एक. बिस्किट एक. तुम्ही द्यायचं. यांनी खुर्चीतून उठायचं नाही. पोहे नकोत, शिरा नको, जेवून जा नको."

रेखाने पदराने कढई झाकली. शिरा झालेला होता.

गृहस्थांचं नाव ब्राउवर. उंच, सभ्य, आल्या आल्या बूट काढले. आमच्या घरात बूट काढणारा पहिला डच माणूस! मी तिथेच अर्धा विरघळलो. त्यांनी वही बघितली, प्रश्न विचारले, मी डचमध्ये, अडलं तिथे इंग्रजीत उत्तरं दिली. कोणत्या हाताने, किती वेळ, सगळं बाईंनी शिकवल्याप्रमाणे. दीड तास उत्तम गेला. मग ते निघाले आणि म्हणाले, कॉफी फारच छान होती, तुमच्याकडे वेलदोड्याचा वास येतो, माझ्या बायकोला भारतीय पदार्थ आवडतात.

झालं. दारात आलेला पाहुणा रिकाम्या हाताने जातोय आणि त्याची बायको आपले पदार्थ आवडीने खाते. फळीवर वर, माझ्या डोक्याच्याही वर, चिवड्याचा स्टीलचा मोठा डबा होता. मी उठलो. बाईंचा "सावंत" असा आवाज ऐकू आला, पण तोवर उजवा हात वर गेला होता. डबा खाली आला. मी ब्राउवरसाहेबांना पिशवीभर चिवडा बांधून दिला आणि बूट घालेपर्यंत दाराशी उभा राहिलो. त्यांनी आभार मानले, दोन पावलं गेले, थांबले, खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी टिपलं आणि मग गाडीत बसले.

दार लावून मी वळलो. टेंबेबाई कप विसळत होत्या.

"बाई, तो पाहुणा होता."

"हो."

"रिकामा कसा पाठवणार?"

"डबा तोलू का?" त्या म्हणाल्या. हात पुसून काटा काढला, डबा अडकवला, आकडा बघितला, लिहून घेतला. मग म्हणाल्या, "आता दुखतंय का?"

"नाही."

"दुखेल. उद्या उठल्यापासून लिहा. चांगलं असलं तर चांगलं. दुखलं तर दुखलं. मला सांगू नका, वहीला सांगा." रेनकोट चढवून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि रेखाला म्हणाल्या, "तो शिरा फुकट नका घालवू. मला द्या थोडा."

दुसऱ्या दिवशी मला हात कमरेच्या वर उचलता आला नाही. रेखाने अंगात शर्ट घातला. दुकानाचं शटर शेजारच्या न्हाव्याने उघडून दिलं. तिसऱ्या दिवशी थोडं बरं, चौथ्या दिवशी पुन्हा वाईट, आठव्या दिवशी होतो तिथे परत आलो. मी सगळं लिहिलं, चिवड्यासकट. पाहुण्याला द्यायचा म्हणून उजव्या हाताने डबा काढला, चूक माझी, असंही लिहिलं.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. आमच्या प्रतिनिधीसमोर आपण डोक्यावरच्या उंचीवरून वजनदार वस्तू सहज उचललीत, सबब खांद्याची हालचाल पूर्ववत झालेली दिसते. मी ते पत्र फाडायला घेतलं, तेवढ्यात टेंबेबाईंचा फोन आला. "फाडलंत का?"

"फाडतोय."

"कोणत्या हा… असू द्या. फाडू नका. मी वहीची आठ पानं पाठवली आहेत. भाषांतर करून, मूळ पानांच्या प्रतींसह. डब्याचं वजन जोडलंय. आणि चिवडा आवडला का, तेही विचारलंय."

त्या आठ पानांनी काम केलं. पहिल्या वहीतली एक ओळही कुणी मानली नसती, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंच्या संमतीने एका सर्जनने मला तपासलं, त्याने वही मागून घेतली आणि लिहिलं की एकदा उचलता येणं आणि रोज उचलता येणं यांत फरक आहे, या माणसाला हे रोजचं काम पुन्हा जमणार नाही. विमा कंपनीने पूर्ण जबाबदारी घेतली. मध्ये एकदा त्यांनी लवकर मिटवायचा प्रस्ताव दिला होता आणि मी पेन उघडून बसलो होतो, कारण मला दुकान चालवायचं होतं. टेंबेबाईंनी पेनाचं टोपण लावून ठेवलं होतं. "खांदा कुठे थांबतो ते कळू द्या. सही केली की दार कायमचं बंद. पुढच्या वर्षी स्क्रू हलला तर बाहेर उभे राहाल." पुढच्या वर्षी खरोखरच दुसरं ऑपरेशन करावं लागलं. तेव्हाही त्या 'बघा' म्हणाल्या नाहीत. मी असतो तर दहादा म्हटलं असतं.

शेवटची सही त्यांच्या ऑफिसात झाली. छोटी खोली, खिडकीत एक कढीपत्त्याचं रोप, हिरमुसलेलं. मी तीन कागदांवर सह्या केल्या. त्यांनी ते फाइलीत लावले, फाइलीला दोरी बांधली, गाठ मारली. मग खालचा खण उघडला आणि एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"हे तुमचं. दोन वर्षं माझ्याकडे होतं."

आत कार्ड होतं. लवकर बरे व्हा असं छापलेलं, फुलांचं, इथे कुणी शिंकलं तरी पाठवतात तसलं. आत हाताने लिहिलेलं. लिहिणारा ड्रायव्हर पोलंडचा होता आणि त्याचं डच माझ्याइतकंच मोडकं, म्हणून मला सगळं समजलं. मी बघितलं होतं. तुम्ही दिसला नाहीत. आता तिथे वळताना मी थांबून खाली उतरून बघतो, मागचे हॉर्न वाजवतात. तुमच्या हाताबद्दल मला वाईट वाटतं. रस्त्यावरचे ते पांढरे दाणे काय होते?

मी दोनदा वाचलं. मग माझा आवाज चढला. "हे माझं होतं. माझ्या नावाचं. दोन वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या, रोज, उठता-बसता, आणि तुम्ही समोर बसून ऐकत होतात?"

"हो."

"का?"

"तो स्वतः इथे आला होता. कंपनीने त्याला तुमच्याशी बोलायला मनाई केली होती. म्हणाला, सगळं संपल्यावर द्या. मी कबूल केलं." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "तेव्हा तुम्हाला दिलं असतं तर काय केलं असतंत?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी ते विमा कंपनीच्या तोंडावर फेकलं असतं, बघा, तुमचाच माणूस कबूल करतोय म्हणून. आणि त्याची नोकरी गेली असती.

"केसला ते लागलं असतं का?" मी विचारलं.

"नाही. त्याच्याशिवायही जिंकत होतो. लागलं असतं तर खणात ठेवलं नसतं." मग म्हणाल्या, "तरीही मी तुमची वकील होते, त्याची नव्हते. चूक आहे माझी. तक्रार करायची तर कुठे करायची तो पत्ता देते."

आणि त्यांनी खरोखरच चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, स्वच्छ अक्षरात. मी कार्ड आणि चिठ्ठी खिशात घालून, आभार न मानता निघून आलो.

तक्रार केली नाही. फोनही केला नाही. त्यांनी काम बंद केलंय आणि मुलीकडे ग्रोनिंगनला राहायला चालल्यात, असं रेखाकडून कळलं. रेखाने शिऱ्याचा डबा पाठवला. मी विचारलं नाही, तिने सांगितलं. कार्डाच्या मागे ड्रायव्हरचा पत्ता होता. एक कार्ड आणून ठेवलं, ते तीन आठवडे गल्ल्याजवळ कोरं पडलं होतं. मग एका दुपारी लिहिलं. त्याला साबुदाणा म्हणजे काय हे समजावून सांगितलं, आणि खाली लिहिलं की हात आता बरा आहे. दोन वर्षांनी पहिल्यांदा ते शब्द वापरले. उजव्या हाताने.

माल आता मी छोट्या व्हॅनने पोचवतो. परवा डेल्फ्टकडच्या रस्त्यावर एका चौकात मी सिग्नलला उभा होतो, उजवीकडे वळायचं होतं. सकाळ, बारीक पाऊस. उजव्या आरशात पिवळं काहीतरी आलं. घडीची सायकल, मागे बांधलेली बॅग. त्या पुढे आल्या नाहीत. व्हॅनच्या मागच्या चाकापाशीच पाय टेकून थांबल्या, आणि सरळ माझ्या आरशात बघू लागल्या. कोण चालवतंय ते त्यांना दिसत नसणार, काचेवर पाणी होतं. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मग आरशाकडे केली. दिसते का?

काच खाली करून सगळं ऐकवावं, असं मनात आलं. दोन वर्षं, माझं कार्ड, कोणी दिला तुम्हाला हक्क. शब्द जिभेवर तयार होते. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. मी हललो नाही. त्या निघाल्या, माझ्या शेजारून पुढे गेल्या, आणि जाताना काचेकडे न बघता हात वर केला.

मीही केला. उजवाच केला. खांद्यापर्यंत गेला, तिथे थांबला.

त्या चौक ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत मी थांबलो. मग आरसे बघितले, आणि वळलो.